तिशीनंतर पोलीस प्रशिक्षण : वय, कागद, मैदान आणि नऊ महिने

नालासोपारा, विरार आणि वसई रोडच्या वस्त्यांमध्ये पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुला-मुलींबरोबर आम्ही काही कार्यकर्ते काम करतो. सुरुवातीला येणारे बहुतेक जण विशीतले असत. आता तिशीला टेकलेले किंवा तिशी ओलांडलेलेही येतात. कोणी वालीवच्या गाळ्यात दहा वर्षे मशीन चालवली आहे, कोणी अंधेरीला रात्रपाळीची सिक्युरिटी करतो, कोणी दोन मुलांची आई आहे. सगळ्यांचा प्रश्न जवळपास सारखाच असतो. आता या वयात जमेल का? आणि निवड झालीच, तर विशीतल्या पोरांबरोबर प्रशिक्षणाचे नऊ महिने निभतील का?

आमचे उत्तर थोडक्यात असे. जमते. पण आमचा अनुभव सांगतो की तिशीतला उमेदवार धावण्यात जितका हरतो, त्याहून जास्त वेळा तो कागदपत्रांत, घरच्या हिशेबात आणि अडचण वेळेवर न सांगण्यात हरतो. या तिन्ही गोष्टींवर एकट्याने नाही, तर वस्तीने मिळून काम करता येते. त्यासाठी ही माहिती एका ठिकाणी देत आहोत.

ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे

पोलीस होणे म्हणजे फक्त सरकारी नोकरी मिळवणे, असे आपल्या समाजाने कधी मानलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. तेव्हा लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध विनंतीपत्र तयार केले. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी दख्खनच्या महारांच्या वतीने थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. त्यात लष्कराबरोबरच पोलीस दलाची आणि सरकारी नोकऱ्यांची दारे उघडा, अशी स्पष्ट मागणी होती. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले.

म्हणजे आज नालासोपाऱ्याची एखादी ताई ३२ व्या वर्षी भरतीचा अर्ज भरते, तेव्हा शंभर वर्षांपूर्वी मागितलेला हक्क ती बजावत असते. 'आता या वयात कशाला?' असे तिला घरातून किंवा शेजारून कोणी म्हणत असेल, तर हा इतिहास त्यांच्यापर्यंत पोहोचवला पाहिजे.

वयाचे गणित

पोलीस शिपाई पदासाठी किमान वय १८ आहे. कमाल वय खुल्या प्रवर्गासाठी २८ आणि मागासवर्गीयांसाठी ३३ वर्षे आहे. राज्य राखीव पोलीस दलासाठी मर्यादा कमी आहे. तिथे खुल्या प्रवर्गाला २५ आणि मागासवर्गीयांना ३० वर्षे. शिक्षण बारावी उत्तीर्ण. माजी सैनिक, खेळाडू, प्रकल्पग्रस्त अशा काही घटकांना वयात वेगळी सवलत असते. तुमच्या कुटुंबाची जमीन एखाद्या धरणात किंवा प्रकल्पात गेली असेल, तर प्रकल्पग्रस्त दाखला निघतो का, हे आधी तपासा.

थेट पोलीस उपनिरीक्षक व्हायचे असेल तर पदवी लागते आणि लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते. तिची वयोमर्यादा वेगळी आहे. वय कोणत्या तारखेला मोजायचे, हे प्रत्येक जाहिरातीत लिहिलेले असते. शेजाऱ्याने सांगितलेल्या तारखेवर विसंबू नका.

आता यातला अन्यायही समजून घेऊ. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये शिपाई भरतीची जाहिरात आली. मध्ये कोरोना आला आणि त्या भरतीची परीक्षा २०२१ पर्यंत लांबली. पुढची मोठी जाहिरात नोव्हेंबर २०२२ मध्ये आली, १८,३३१ पदांची. त्यानंतर २०२४ मध्ये १७,४७१ पदे निघाली आणि त्यासाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. भरती दरवर्षी झाली असती, तर ३० व्या वर्षी तयारीला लागलेल्याला तीन-चार संधी मिळाल्या असत्या. प्रत्यक्षात त्याला एक किंवा दोनच मिळाल्या. जाहिरातीच्या उशिरात वय निघून गेले, त्यात उमेदवाराचा काय दोष?

याच मुद्द्यावर उमेदवारांनी सतत आवाज उठवला. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे १५ हजार पदांच्या भरतीला मान्यता देताना, २०२२ आणि २०२३ मध्ये वयोमर्यादा ओलांडलेल्यांना एक वेळची विशेष बाब म्हणून अर्ज करण्याची मुभा दिली. ही सवलत कायमची नाही. पण मागणी लावून धरली तर नियम हलतो, हे त्यातून दिसले.

बाहेरच्या जगाकडे पाहिले तर वयाची ही भिंत सगळीकडे सारखी नाही. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहराच्या पोलीस दलात भरतीला कमाल वयोमर्यादाच नाही. चाचण्या पार केल्या तर चाळिशीतला माणूसही तिथल्या अकादमीत जातो.

कागद : सर्वात जास्त नुकसान इथे होते

वसई-विरारमधली आपली बहुतेक कुटुंबे मूळची इथली नाहीत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, मराठवाडा, खानदेश, विदर्भ अशा भागांतून मागच्या पिढ्या मुंबईत आल्या, आणि मुंबईत घर परवडेनासे झाल्यावर विरारकडे सरकल्या. राज्यातल्या अनुसूचित जातींसाठी जात दाखल्याची मानीव तारीख १० ऑगस्ट १९५० आहे. त्या तारखेला तुमचे आजोबा-पणजोबा जिथे राहत होते, तिथल्या प्रांत कार्यालयातून दाखला काढावा लागतो. नालासोपाऱ्यातला रेशनकार्डाचा पत्ता त्यासाठी पुरत नाही.

दुसरी अडचण धर्मांतरानंतरच्या नोंदींची. पणजोबांच्या नोंदीत 'महार', आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार', वडिलांच्या दाखल्यावर 'नवबौद्ध' आणि आपल्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध', असे घरोघरी आढळते. महाराष्ट्रात धर्मांतरित बौद्धांना १९६० पासून अनुसूचित जातीच्या सवलती मिळू लागल्या. केंद्राने १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून त्या मान्य केल्या. त्यामुळे 'बौद्ध' लिहिल्याने हक्क जात नाही. मात्र पिढ्यांची साखळी कागदावर जुळवून दाखवावी लागते. अनुसूचित जातीतून बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांच्या जात प्रमाणपत्राचा नमुना वेगळा आहे. तोच मिळाला आहे ना, हे पाहून घ्या.

आमच्याकडे येणाऱ्या एका ताईची लेखी परीक्षेची तयारी उत्तम होती. आजोबांचा शाळेचा दाखला मिळवायला कोकणातल्या गावी तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला दोन दिवसांची मजुरी बुडाली. तिसऱ्या फेरीत जुन्या जनरल रजिस्टरमध्ये नाव सापडले. तोवर जाहिरातीची मुदत संपली होती आणि ती वयाच्या शेवटच्या वर्षात होती.

म्हणून आमचा आग्रह आहे की भरतीची जाहिरात येण्याची वाट पाहू नका. पुढचे कागद आजच एका फाइलमध्ये लावा.

- दहावी-बारावीची गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र.
- जात प्रमाणपत्र आणि शक्यतो जात वैधता प्रमाणपत्र. वैधतेचा निर्णय जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते.
- वडील, आजोबा, पणजोबा यांच्या जन्ममृत्यू, शाळा किंवा महसुली नोंदींच्या प्रती आणि वंशावळीचे प्रतिज्ञापत्र.
- लग्न झालेल्या महिलांसाठी नाव बदलाचे राजपत्र किंवा विवाह नोंदणी दाखला. जात मात्र माहेरचीच, वडिलांकडची धरली जाते.
- आधार, दहावीचे प्रमाणपत्र आणि जात दाखला यांवरील नावाचे स्पेलिंग एकच असणे.

अनुसूचित जातींसाठी नॉन क्रीमीलेअरचा दाखला लागत नाही. त्यासाठी पैसे मागणारा भेटला तर सरळ नकार द्या.

कोणत्या घटकात अर्ज करावा?

एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो. दोन ठिकाणी भरला तर उमेदवारी रद्द होऊ शकते. वसई-विरारमध्ये राहणाऱ्याला पर्याय बरेच आहेत. मीरा-भाईंदर वसई-विरार पोलीस आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झाले. त्याशिवाय पालघर जिल्हा, ठाणे शहर, ठाणे ग्रामीण, नवी मुंबई, मुंबई आणि लोहमार्ग पोलीस आहेत. प्रत्येक घटकाचा जागांचा तक्ता वेगळा असतो. अनुसूचित जातीच्या किती जागा, त्यात महिलांसाठी किती, हे पाहूनच घटक निवडा. 'घराजवळ आहे' एवढ्यावर निवड केल्याने जागा हुकलेले उमेदवार आम्ही पाहिले आहेत.

मैदान आणि लेखी

सध्याच्या पद्धतीत आधी शारीरिक चाचणी होते, नंतर लेखी. शारीरिक चाचणी ५० गुणांची. पुरुषांसाठी १६०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर १५ गुण आणि गोळाफेक १५ गुण. महिलांसाठी १६०० ऐवजी ८०० मीटर, बाकी तसेच. पुरुषांची किमान उंची १६५ सेंटिमीटर आणि छाती ७९, फुगवून ५ सेंटिमीटर जास्त. महिलांची किमान उंची १५५ सेंटिमीटर.

पूर्ण गुण हवेत तर पुरुषाला १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत आणि महिलेला ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांत पूर्ण करावे लागतात. हे आकडे वाचून तिशीतली माणसे घाबरतात. पण पुढच्या टप्प्यासाठी ५० पैकी किमान २५ गुण लागतात आणि त्यानंतर प्रवर्गनिहाय एका जागेमागे दहा या प्रमाणात लेखीला बोलावतात. लेखी १०० गुणांची, ९० मिनिटांची. विषय चार : अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण. किमान ४० टक्के आवश्यक.

वयाचा फटका सर्वांत जास्त १०० मीटरला बसतो. १६०० किंवा ८०० मीटर नियमित सरावाने तिशीतही सुधारते. गोळाफेक तर तंत्रावर चालते. पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा असतो आणि ८.५० मीटरला पूर्ण गुण मिळतात. महिलांचा ४ किलोचा आणि अंतर ६ मीटर. कंपनीत माल उचलणाऱ्या, घरकामात हात कसलेल्या माणसाला योग्य पवित्रा शिकवला तर हे १५ गुण त्याच्या आवाक्यात येतात. आमच्याकडचे तिशीतले उमेदवार गोळ्याकडे दुर्लक्ष करून फक्त धावत राहतात, ही चूक आम्ही वारंवार पाहतो.

तिशीतले शरीर

विशीतला मुलगा एका रात्रीत थकवा भरून काढतो. तिशीत दोन दिवस लागतात. त्यामुळे रोज जोरात धावणे उपयोगाचे नाही. आठवड्यात दोन दिवस वेगाचा सराव, दोन दिवस हळू लांब धावणे, दोन दिवस गोळा आणि ताकदीचे व्यायाम, एक दिवस पूर्ण विश्रांती, असे वेळापत्रक पुष्कळांना मानवते.

आपल्याकडे सरावासाठी अर्नाळा, राजोडी, कळंब असे किनारे आहेत. भरतीरेषेवरच्या मऊ वाळूत धावल्याने पोटऱ्या आणि टाच दुखावते. ओहोटीला ओली, घट्ट वाळू मिळते, तिथे धावा. किनाऱ्याला उतार असतो, म्हणून जाताना जितके धावाल तितकेच परत येताना धावा. नाहीतर एकाच गुडघ्यावर भार पडतो. पण चाचणी वाळूवर नसते. आठवड्यातून दोनदा तरी सपाट मैदानावर घड्याळ लावून धावलेच पाहिजे.

सराव सुरू करण्याआधी सरकारी रुग्णालयात रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि ईसीजी करून घ्या. महिलांमध्ये हिमोग्लोबिन कमी असणे फार सामान्य आहे. ते भरून काढल्याशिवाय ८०० मीटरची वेळ सुधारत नाही. सिकलसेलची तपासणीही करा. विदर्भातून आलेल्या आपल्या कुटुंबांत आणि पालघरच्या आदिवासी भागात तो आढळतो. वाहक असणे हा आजार नाही आणि त्यामुळे खचण्याचेही कारण नाही. पण वाहक माणसाने उन्हात, पाणी न पिता, अचानक जोर लावून धावणे धोक्याचे ठरू शकते. आपला निकाल माहीत असेल तर सराव हळूहळू वाढवता येतो.

राज्यात मैदानी चाचणीत उमेदवार कोसळून दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. ताकदीचे इंजेक्शन, वेदनाशामक गोळ्यांचा मारा, रात्रभर उपाशी प्रवास करून सकाळी धावणे, हे सगळे टाळा. शेवटची संधी असली तरी ती जिवापेक्षा मोठी नाही.

चारित्र्य पडताळणी : कार्यकर्त्यांनी विशेष वाचावे

आपल्यापैकी अनेकांनी मोर्चे, रास्ता रोको, बंद यांत भाग घेतला आहे. जानेवारी २०१८ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणानंतर राज्यभर जे आंदोलन झाले, त्यातून अनेक तरुणांवर गुन्हे नोंदले गेले. निवडीनंतर जो साक्षांकन नमुना भरावा लागतो, त्यात अटक, गुन्हा, खटला, निर्दोष सुटका यांची माहिती विचारलेली असते.

इथे एकच सल्ला आहे. लपवू नका. गुन्हा असणे आणि गुन्हा लपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात याची तत्त्वे मांडली आहेत. खरी माहिती दिली असेल तर नियुक्ती अधिकाऱ्याने गुन्ह्याचे स्वरूप पाहून निर्णय घ्यायचा असतो. माहिती दडवली तर नोकरी लागल्यानंतरही ती जाऊ शकते. आधी वकिलाकडून आपल्या नावावर काय काय नोंद आहे ते तपासा. खटला संपला असेल तर निकालाची प्रमाणित प्रत काढा. आंदोलनातले खटले मागे घेण्याबाबत शासनाचे निर्णय वेळोवेळी निघतात. आपला खटला त्यात बसतो का, तेही पाहा.

नऊ महिने

निवड झाल्यावर शिपायांचे मूलभूत प्रशिक्षण साधारण नऊ महिन्यांचे असते. मरोळ, खंडाळा, दौंडजवळ नानवीज, जालना, अकोला, नागपूर, सांगली जिल्ह्यात तुरची, लातूरजवळ बाभळगाव अशा ठिकाणी पोलीस प्रशिक्षण केंद्रे आहेत. विरारच्या माणसाला मरोळ मिळेलच असे नाही.

दिवस पहाटे सुरू होतो. हजेरी, पीटी, कवायत, हत्यारांचा सराव, लाठी, जमाव नियंत्रण, गोळीबार, हा झाला बाह्यवर्ग. आंतरवर्गात कायदे, तपास, पोलीस ठाण्याचे कामकाज, संगणक, प्रथमोपचार. संध्याकाळी पुन्हा मैदान किंवा साफसफाई, रात्री गणती. पहिले सहा आठवडे सर्वांनाच जड जातात. पायाला फोड येतात, नडगी दुखते, झोप पुरत नाही. तिशीतल्या माणसाचे सर्वांत मोठे नुकसान इथे लाजेने होते. 'पोरांसमोर कमी दिसू नये' म्हणून तो दुखणे लपवतो आणि आठवडाभराच्या विश्रांतीने बरी होणारी नडगी हाडाच्या फटीपर्यंत जाते. दुखले तर त्याच दिवशी निर्देशकाला सांगून वैद्यकीय तपासणी करून घ्या आणि कागद जपून ठेवा.

आंतरवर्गात मात्र वय उपयोगी पडते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. कलमांचे आकडे बदलल्याने कालपर्यंत पाठ केलेले सगळ्यांनाच नव्याने शिकावे लागले. ज्याने भाडेकरार केला आहे, पोलीस ठाण्यात तक्रार घ्यायला लावताना तासन्‌तास बसला आहे, रुग्णालयातून मृतदेह ताब्यात घेताना धावपळ केली आहे, त्याला हे कायदे पुस्तकाबाहेर दिसतात.

आपल्या प्रशिक्षणार्थींनी काही कायद्यांवर विशेष पकड मिळवावी, अशी आमची इच्छा आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध अधिनियम १९८९ आणि त्याचे १९९५ चे नियम. या कायद्याच्या कलम ४ मध्ये कर्तव्यात हयगय करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षा आहे. २०१८ च्या दुरुस्तीने आलेल्या १८-अ कलमानुसार गुन्हा नोंदवण्यासाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही. तपास उपअधीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर बसलेल्या माणसाला हे तोंडपाठ असेल, तर रात्री अकराला आलेल्या बाईला 'उद्या या' असे ऐकावे लागणार नाही.

घर आणि पैसा

विशीतला मुलगा पेटी उचलून जातो. तिशीतल्यामागे भाडे, हप्ता, मुलांची शाळा आणि आई-वडिलांची औषधे असतात. नेमणूक आदेशानंतर तुम्ही शासकीय सेवेत असता आणि पगार सुरू होतो. सातव्या वेतन आयोगानुसार शिपायाची मूळ वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० आहे. पण पहिला पगार हातात यायला वेळ लागू शकतो, आणि मेसचा खर्च, बूट, कपडे, पेटी यांचा खर्च आधी येतो. आमचा अंदाज असा की किमान तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय जाऊ नये. जुनी नोकरी सोडताना भविष्यनिर्वाह निधी आणि थकीत पगाराचा कागद घेऊनच सोडा.

मुले लहान असतील तर घरी आधी बोलणे व्हायला हवे. नऊ महिने कोण सांभाळणार, आजारपणात कोण धावणार, फोन कधी करता येईल. आपल्या भागातल्या ज्या महिला हे प्रशिक्षण पूर्ण करून आल्या, त्यांच्यामागे बहुतेक वेळा आई किंवा सासू ठाम उभी होती. नवऱ्यांनीही ठाम उभे राहायला शिकले पाहिजे. गर्भारपण असेल किंवा नुकतेच बाळंतपण झाले असेल तर लपवू नका. लेखी कळवून प्रशिक्षण पुढच्या तुकडीत घेण्याबाबत विचारा.

आडनाव विचारले जाते तेव्हा

बराकीत पहिल्या आठवड्यात आडनाव आणि गाव विचारले जाते. बहुतेक वेळा ते ओळखीपुरते असते. काही वेळा नसते. जातीवरून टोमणे, आरक्षणावरून शेरे, निळ्या झेंड्याची चेष्टा, हे घडल्याचे आम्हाला सांगितले गेले आहे. अशा वेळी हाणामारी केली तर शिस्तभंग तुमच्यावर येतो. तारीख, वेळ, ठिकाण, शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवा. आधी तुकडीच्या प्रमुखाला, मग लेखी वरिष्ठांना कळवा. महिलांसाठी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. तिशीतल्या माणसाकडे बघून विशीतली आपली पोरे धीर धरतात. तुम्ही शांतपणे आणि कागदावर लढलात, तर तीही तसेच शिकतात.

नाशिकची वाट आणि १५४ जणांचा धडा

शिपाई झाल्यावर थांबायचे कारण नाही. नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत उपनिरीक्षक आणि उपअधीक्षक घडतात. खात्यांतर्गत मर्यादित परीक्षेतून सेवेतले अंमलदार तिथे पोहोचले आहेत. २०१६ च्या या परीक्षेत वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३५ आणि मागासवर्गीयांना ४० होती. म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावरची माणसे अकादमीच्या मैदानावर पुन्हा कवायत करत होती.

त्याच तुकडीतल्या मागासवर्गीय १५४ जणांचे काय झाले, हे विसरू नये. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पदोन्नतीतील आरक्षणाचा २००४ चा शासन निर्णय रद्द ठरवला होता. त्या वादात प्रशासकीय न्यायाधिकरणाचा आदेश आला. नाशिकला नऊ महिने घाम गाळून, ऑक्टोबर २०१८ मध्ये दीक्षांत संचलन करून बाहेर पडलेल्या या १५४ जणांना उपनिरीक्षकाची नेमणूक मिळण्याऐवजी मूळ पदावर परत पाठवले गेले. त्यांना पुन्हा सरकारदरबारी आणि न्यायाधिकरणात झगडावे लागले. प्रशिक्षणात ते कुठेच कमी पडले नव्हते. मैदान मारले तरी कागदावरची लढाई बाकी असते, आणि ती लढायला संघटना लागते, हा यातला धडा आहे.

वर्दीनंतर चळवळ

कार्यकर्ता असताना जे करता, त्यातले बरेच वर्दी घातल्यावर करता येणार नाही. पोलीस दले (हक्कांवर निर्बंध) अधिनियम १९६६ नुसार परवानगीशिवाय राजकीय संघटनेचे सदस्य होता येत नाही, राजकीय सभा-मोर्चात भाग घेता येत नाही, वृत्तपत्रांत लिहिण्यावर बंधने आहेत. निव्वळ सामाजिक, करमणुकीच्या किंवा धार्मिक स्वरूपाच्या संस्थेला मात्र सूट आहे. विहारात जाणे, वंदना घेणे, अभ्यासिकेत मुलांना शिकवणे थांबवावे लागत नाही. व्हॉट्सॲपवरची राजकीय पोस्ट मात्र थांबवावी लागते. हे आधी माहीत असावे, म्हणजे नंतर घुसमट होत नाही.

वस्तीने काय करावे?

- प्रत्येक विहारात किंवा अभ्यासिकेत २८ ते ३३ वयोगटातल्या इच्छुकांची यादी करा. प्रत्येकाच्या नावापुढे त्याची वयोमर्यादा संपण्याची तारीख लिहा.
- गावी जाणारा प्रत्येक जण आपल्या वाडीतल्या चार घरांच्या जुन्या नोंदी शोधून आणेल, असे ठरवा.
- सेवेतून निवृत्त झालेल्या पोलीस बांधवांना महिन्यातून एक रविवार द्यायला सांगा.
- प्रशिक्षणाला गेलेल्याच्या घरी आठवड्यातून एकदा फेरी मारा. गॅस, शाळेची फी, दवाखाना, काय अडले आहे ते विचारा.
- ज्याचे वय उलटले, त्याला एकटे सोडू नका. होमगार्डसाठी ५० वर्षांपर्यंत वय चालते. इतर शासकीय पदांना मागासवर्गीयांची वयोमर्यादा अनेकदा जास्त असते, आणि भरतीसाठी केलेला गणित-व्याकरणाचा अभ्यास तिथेही कामी येतो.

वरचे आकडे आणि नियम जाहिरातीगणिक बदलू शकतात. अर्ज भरताना चालू जाहिरात स्वतः वाचा, दुसऱ्याला वाचून दाखवा. आणि गावी आजोबांच्या शाळेत जायचे असेल, तर याच सुट्टीत जा.

जय भीम.